पुढच्याच ओळीवर उडी

चुका सत्तेचाळीस होत्या. लाल ओळी पडद्यावर एकाखाली एक सरकत गेल्या, थांबल्या, आणि तळाशी आकडा आला. तो बघून तिने पहिली गोष्ट काय केली, तर उठून खोलीचं दार लावलं. का लावलं, हे तिला सांगता आलं नसतं. बाहेरच्या हॉलमध्ये चारपाच जण आपापल्या पडद्यांत डोकं घालून बसलेले. हिच्या पडद्यावर काय चाललंय याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. पण चारचौघांत एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कालच्या पोराने फाडफाड बोलावं आणि आपण शेजारी उभं राहून ऐकून घ्यावं, तसं तिला झालं होतं. एकोणतीस वर्षं हा कोड बिनबोभाट चालला होता. मास्तरांनी लिहिलेला. आणि त्यात सत्तेचाळीस चुका.

खरं तर त्या चुका नव्हत्याच. चहाचा कप संपेपर्यंत तिला ते कळलं. असेम्बलर म्हणजे काय, तर माणसाला जेमतेम वाचता येतील असे तोकडे शब्द घेऊन त्यांचे यंत्राला कळणारे आकडे करणारा दुभाषा. मास्तरांचा जुना दुभाषा घरातल्या जुन्या माणसासारखा होता. ‘ते तिथे ठेव’ म्हटलं की ते म्हणजे केवढं आणि तिथे म्हणजे कुठे, हे त्याचं तो समजून घ्यायचा. हा नवा हुशार होता, पण परका. ते म्हणजे एक बाइट की दोन? तिथे म्हणजे जवळ की लांब? सांगितल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. तिला त्याचा नीट रागही येईना, कारण त्याचं बरोबरच होतं. जुना दुभाषा कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर राहायचा. सोमवारी सकाळी तिने त्याचं बटण दाबलं, आतून टक् असा एकच आवाज आला, आणि मग काही नाही. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून आत बघितलं आणि ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा चष्मा काढला. जुना असेम्बलर नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता. तोही प्रयत्न करून झाला. आणि थांबायला सवड नव्हती. त्यांचं ऑफिस लहान, काम एकच: दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेट्या. पेटीतलं तापमान मोजणारा एक भाग आता कुठे बनत नव्हता, नवा आला होता, त्याच्यासाठी प्रोग्रॅममध्ये चार ओळी बदलायच्या होत्या. आणि चार ओळी काय, एक अक्षर बदललं तरी सगळा प्रोग्रॅम अगदी पहिल्या बाइटपासून असेम्बलरमधून पुन्हा काढायला लागतो. शहरातल्या मोठ्या प्रसूतिगृहात अशा एकेचाळीस पेट्या होत्या.

“महिनाअखेर, मॅडम,” मॅनेजर दारातून म्हणाला होता. तो तिच्याहून लहान, पण माणूस सरळ. “एवढा छळत असेल तर पेटी सुरू करणारा सुरुवातीचा तेवढा तुकडा नव्यानेच लिहून टाका ना.”

“लिहायला वर्ष लागेल. तपासून पास व्हायला आणखी एक.”

“मग?”

“मग काही नाही. यालाच समजावते.”

“कुणाला?” त्याने विचारलं. असेम्बलरला की कोडला, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

मास्तर हे त्यांचं नाव नव्हतं. ती बावीस वर्षांची असताना या ऑफिसात आली तेव्हा ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे, आणि कुणाच्याही रजेच्या अर्जातलं शुद्धलेखन लाल पेन्सिलीने सुधारून परत द्यायचे. म्हणून मास्तर. तिला ते घाईबाई म्हणायचे. ‘घाईबाई, चालतंय का ते बघण्याआधी का चालतंय ते बघावं.’ त्यांचा स्वतःचा कोड मात्र मुका होता. इतर लोक कडेला दोन शब्द लिहून ठेवतात, इथे अमुक केलंय, तमुकसाठी. मास्तरांनी कधी एक शब्द लिहिला नाही. तिने एकदा विचारलं तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “कळणाऱ्याला कळतं.” त्या वेळी तिला ते फार भारदस्त वाटलं होतं. आता, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, डोळ्यांवर दोन नंबरांचा चष्मा चढवून त्या मुक्या ओळी एकेक समजून घेताना वाटत होतं, किती एकटा माणूस असेल हा. कळणारं कुणी भेटेल म्हणून वाट बघणारा, आणि बोलावणं मात्र न धाडणारा.

चार दिवस लागले. रोज सकाळी ती दार लावायची आणि एकेक ओळ नव्या दुभाष्याला सोडवून सांगायची. हे एवढं. हे इथे. ही उडी जवळची, ही लांबची. सत्तेचाळिसाच्या तीस झाल्या, तिसाच्या अकरा, आणि गुरुवारी दुपारी एकही राहिली नाही. तिने सुरुवातीच्या तुकड्याचा आकार बघितला. पाचशे पंधरा बाइट. ती खुर्चीत मागे टेकली आणि नुसती बघत राहिली. वीज मिळाली की यंत्र आंधळ्यासारखा हात पुढे करतं आणि पहिले पाचशे बारा बाइट उचलतं. पाचशे तेरावा नाही. जे काही सांगायचं ते तेवढ्यात सांगायचं: जागा हो, ही तुझी मेमरी, हा तुझा पडदा, आता पुढचा मोठा प्रोग्रॅम हाताला धरून आत आण. मास्तरांनी ते पाचशे बारात काठोकाठ बसवलं होतं, आणि नव्या दुभाष्याने तीन ठिकाणी एकेक बाइट जास्त घेतला होता. समजावूनही ऐकेना. मग तिला त्या दोन उड्या दिसल्या. दिसल्या म्हणजे आधीही दिसत होत्याच, पण गरजवंताच्या डोळ्यांनी दिसल्या. एका जागी लिहिलं होतं, उडी मार. कुठे, तर पुढच्याच ओळीवर. म्हणजे मारली नाही तरी पोचणार तिथेच. खाली आणखी एकदा तसंच. दोन उड्या, प्रत्येकी दोन बाइट. म्हाताऱ्या माणसाने रस्त्याने जाता जाता उगाच काठी आपटावी, तशा. तिने त्या पुसल्या. पाचशे अकरा. एक बाइट चक्क उरला, आणि तिला इतका आनंद झाला की तिने दार उघडून मॅनेजरला हाक मारली.

नव्या पेट्यांवर तो कोड दोनशे वेळा चालला. वीज बंद, वीज चालू, बंद, चालू. दोनशेच्या दोनशे वेळा पेटी जागी झाली. शुक्रवारी तिने तो सात नंबरवर चढवला. सात नंबर ही चाचणीसाठी ऑफिसातच ठेवलेली सगळ्यात जुनी पेटी. सात नंबरच्या वयाच्या अकरा पेट्या अजून प्रसूतिगृहात कामावर होत्या. आठ वेळा ती चालू झाली. नवव्यांदा पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. पंखा नाही, ऊब नाही. बंद करून पुन्हा लावली तर मुकाट चालू. पुन्हा सहा वेळा ठीक, आणि पुन्हा निळी. रिकामी पेटी होती ती. ऑफिसातली पेटी रिकामीच असते. पण ती त्या निळ्या उजेडासमोर स्टुलावर बसून राहिली.

बावीस वर्षांपूर्वी याच जातीच्या पेटीत तिची मुलगी एकोणीस दिवस होती. दीड किलोलाही कमी. तळहातावर मावेल एवढी पाठ, आणि त्या पाठीवर चिकटवलेली वायर ऑफिसच्या कपाटातलीच, तिने स्वतः शंभरदा हाताळलेली. सगळे नातेवाईक येऊन धीर देऊन गेले. मास्तर आले ते सहाव्या दिवशी, हात हलवत, काही न आणता. तिच्याशेजारी काचेला नाक लावून उभे राहिले, आणि त्यांनी बाळाकडे बघितलंच नाही; पेटीकडे बघत राहिले. तेवढ्यात वीज गेली. सगळ्या वॉर्डातले पंखे एकदम थांबले आणि अशी शांतता पसरली की दूर कुठेतरी नळातून थेंब पडतोय तोही ऐकू यावा. मग खाली जनरेटर घरघरला, दिवे आले, आणि पेट्या एकेक करून जाग्या व्हायला लागल्या. तिच्या मुलीची पेटी शेवटून दुसरी. मास्तर घड्याळाकडे बघत होते. “अकरा,” ते म्हणाले. “अकरा सेकंद. नऊ पाहिजेत.” तिला त्यांच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली होती. दुसऱ्या आठवड्यात कळलं की ते त्या दिवशी तिथून सरळ ऑफिसात गेले आणि पुढचे चार दिवस त्याच पाचशे बारा बाइटांत काहीतरी उकरत बसले होते. पाचव्या दिवशी पेट्या नऊ सेकंदांत उठायला लागल्या. त्यांनी तिला सांगितलं नाही. वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं. मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करते, आठवड्यातून दोनदा फोन करते आणि आईला म्हणते, जेवलीस का. ते नऊ सेकंद तिच्या खिजगणतीतही नाहीत, आणि का असावेत.

आणि तरीही बारा वर्षांपूर्वी, सगळ्यांच्या मीटिंगमध्ये, ती उठून उभी राहिली होती. तिने ते घाबरून केलं होतं, हे तिने स्वतःला कितीदा सांगितलं. तेव्हा तिच्याकडे पेट्यांची जबाबदारी आली होती आणि तिला झोप लागत नव्हती. “हा कोड एकाच माणसाला कळतो,” ती म्हणाली होती, मास्तर समोर बसलेले असताना. “तो माणूस उद्या नसला तर? उद्या आपण काय करायचं? हा काढून टाकायला हवा.” मास्तरांनी पेन्सिलीचं टोक तपासलं होतं. त्या वर्षअखेरीला ते निवृत्त झाले; सहासष्ट वर्षांचे होते, कधी ना कधी होणारच होते. कोड कुणी काढला नाही. तिनेही नाही. मग चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. ती दवाखान्यात भेटायला गेली. उजवा हात चादरीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडलेला. डॉक्टर म्हणाले, कळतं सगळं, पण बोलायला जातात आणि एकच शब्द येतो. तिला बघून मास्तरांचे डोळे मोठे झाले, ओठ हलले, आणि तो शब्द आला. “उद्या,” ते म्हणाले. “उद्या. उद्या.” ती पाच मिनिटंही बसली नाही. एवढी मोठी भाषा, आयुष्यभर जपलेली, लाल पेन्सिलीने राखलेली. ती सगळी गेली आणि मागे राहिला तो नेमका तिने तोंडावर फेकलेला शब्द. चार वर्षांत ती पुन्हा गेली नव्हती. आधी पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणत, मग आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणत.

शनिवारी सकाळी ती गेली. सात नंबरचा निळा पडदा तिच्या पाठी लागला नसता तर कदाचित गेली नसती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कागद तिने मोठ्या अक्षरांत छापून घेतले होते. दार काकूंनी उघडलं. मास्तरांची बायको, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर होत्या, आवाज अजून तसाच, तासून घेतलेला.

“अगं, तू,” एवढंच त्या म्हणाल्या. ‘चार वर्षं’ हा शब्दही त्यांनी काढला नाही. “चपला आत काढ, बाहेर मांजर नेतं. बघा हो, कोण आलंय.”

मास्तर गॅलरीजवळच्या खुर्चीत होते. बारीक झाले होते, दाढी नीट केलेली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “उद्या.”

“काय म्हणाले?” तिने नकळत काकूंना विचारलं.

“बस म्हणाले. आणि वाळलीस म्हणाले.” काकूंनी खुर्ची पुढे ओढली. “तुला सगळं सारखंच ऐकू येत असेल. मला नाही येत. पस्तीस वर्षं लोकांचे चेहरे न बघता नुसते आवाज ऐकलेत मी.”

तिने कागद त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवले आणि सांगायला लागली. जुना कॉम्प्युटर गेला, नवा असेम्बलर, सत्तेचाळीस चुका. सत्तेचाळीस म्हटल्यावर मास्तरांची डावी भुवई वर गेली. तिने प्रत्येक बदल दाखवला आणि ते डाव्या हाताच्या बोटाने ओळीवरून हळूहळू सरकत गेले, कधी परत मागे. अर्धा तास झाला असेल. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते. आपण खूप दिवसांनी गृहपाठ दाखवायला आलोय, असं तिला वाटलं, आणि त्यात विलक्षण बरंही वाटलं. मग बोट त्या मोकळ्या जागेवर आलं आणि थांबलं.

“इथे दोन उड्या होत्या,” ती म्हणाली. “पुढच्याच ओळीवर. मी काढल्या. जागा हवी होती. नव्या पेट्यांना काही होत नाही, पण सात नंबर मधूनच अडकते. मास्तर, त्या कशाला होत्या?”

“उद्या,” मास्तर म्हणाले. बोट कागदावर आपटलं. “उद्या, उद्या, उद्या.”

यावेळी कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती. ते चिडले होते. मान लाल झाली. ते तोंड उघडत, शब्द जुळवायला जात आणि तोच एक शब्द येई, आणि तो आला की स्वतःच त्याला झटकून टाकत. तिला वाटलं, उठावं, माफी मागावी आणि निघावं. पण मास्तर शांत झाले. मग काठीने तिच्याकडे खूण केली, आणि मग दाराकडे.

“जाऊ?” तिने विचारलं.

“जा म्हणतायत,” काकू दारात येऊन म्हणाल्या, आणि त्याही गोंधळल्या होत्या. “रागाने नाही. नुसतं, बाहेर जा.” मास्तरांनी हवेत बोटाने काहीतरी दाबून दाखवलं. “बेल वाजव म्हणतायत.”

ती बाहेर गेली. दार लागलं. जिन्यात शेजारच्या घरातल्या रेडिओचा आवाज होता. तिने बेल वाजवली. काहीच झालं नाही. आतून काकूंचा आवाज आला, “अहो, मी उघडते ना,” आणि त्यावर ठामपणे “उद्या.” मग खुर्ची करकरली. काठी एकदा टेकली. बराच वेळ काही नाही. पुन्हा काठी, आणि मागोमाग फरशीवर एक पाय ओढल्याचा आवाज. तिचा हात सवयीने पुन्हा बेलकडे गेला. ती दुसऱ्यांदा वाजवणार होती. आत ऐकू गेलं नाही की काय, असं क्षणभर तिला खरंच वाटलं, आणि बोट बटणावर असतानाच तिला कळलं. तिने हात खाली घेतला. आता वाजवली तर ते दचकतील, तोल जाईल, पडतील. त्यांना ऐकू गेलंय. ते उठतायत. उठायला त्यांना वेळ लागतो, एवढंच. सात नंबर पेटीतल्या जुन्या चिपला सांगितलेलं कळत होतं; पण सांगितल्यावर लगेच पुढचं सांगितलं की ती आधीचंही विसरून जात होती. म्हणून मास्तरांनी तिथे, सांगून झाल्यावर, यंत्राला कुठेच न नेणारी एक उडी मारायला लावली होती. तेवढ्या वेळात पलीकडचं म्हातारं माणूस दारापर्यंत येतं. काठी. पाय. काठी. पाय. ती दाराला कपाळ टेकवून उभी राहिली. तिला घाई नव्हती. पुढे कधीतरी तिने हिशोब केला तेव्हा ती पाचसहा मिनिटं भरली, पण त्या वेळी तिला वाटलं होतं की असं कुणासाठी थांबणं तिला आयुष्यात कधी जमलंच नव्हतं. मुलीच्या पेटीपाशीसुद्धा ती थांबली नव्हती, नुसती तडफडत होती.

दार उघडलं. मास्तर उभे होते, घामाने चिंब, डाव्या हाताने चौकट धरून. मागे काकू दोन्ही हात पसरून, झेलायला तयार.

“उद्या,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा फळ्यावरचं गणित सुटलेल्या पोरासारखा झाला होता.

“कळलं,” ती म्हणाली. “मास्तर, कळलं मला.” आणि मग तिला रडू आलं. त्या दोघांनी तिला धरून आत आणलं की तिने मास्तरांना, ते नीटसं कुणाला कळलं नाही.

तीन बाइटांचा प्रश्न मात्र राहिलाच होता. ते तिने सांगितलं तेव्हा मास्तरांनी पेन्सिल मागितली, शेवटचा कागद ओढला आणि डाव्या हाताने एक वाकडीतिकडी रेघ मारली. पेटी उठताना पडद्यावर ‘स्टार्टिंग’ असा शब्द येतो आणि त्याच्यापुढे तीन टिंबं. रेघ त्या टिंबांवर होती. तिने चार दिवस ओळीन्‌ओळ उलटीपालटी केली होती आणि पडद्यावरच्या मजकुराकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. तीन टिंबं, तीन बाइट. ती हसायला लागली तसे मास्तरही हसले, तोंडाच्या एकाच बाजूने, आणि हसता हसता दमून खुर्चीत झोपी गेले.

काकूंनी त्यांच्या पायांवर शाल टाकली. दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून चहा प्यायल्या, आणि तिने सांगून टाकलं. ती मीटिंग, ते वाक्य. “त्यांच्या तोंडी तोच शब्द राहिला, काकू. मी म्हणालेला. म्हणून मी येत नव्हते.”

काकूंनी रिकामा कप नळाखाली धरला. “त्या मीटिंगनंतर हे चिडले होते,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू. दोन महिने धुमसत होते, घाईबाई अशी, घाईबाई तशी. मग विसरले. तू विसरली नाहीस.” कप विसळता विसळता त्यांचे खांदे हलायला लागले, हसत होत्या त्या. “आणि उद्या म्हणे तुझा शब्द. अगं, नळ गळतोय, उद्या बघतो. दात दुखतोय, उद्या जातो. बहिणीला पत्र लिहा, उद्या. पन्नास वर्षं मी दुसरं काही ऐकलेलंच नाही या माणसाच्या तोंडून. डॉक्टर म्हणाले एकच शब्द राहिलाय, तर मी म्हटलं, मग काय फरक पडला?” मग हसणं थांबलं आणि त्यांनी डोळे पदराने टिपले. “फरक पडतो गं. पण तुझ्यामुळे नाही.”

सोमवारी तिने दोन्ही उड्या परत घातल्या, टिंबं काढली. पाचशे बारा. सात नंबर पेटी तिने स्वतः चारशे वेळा बंद-चालू केली, दोन दिवस, दुसऱ्या कुणाला हात लावू न देता, आणि चारशेही वेळा पेटी उठली. मग प्रत्येक उडीच्या कडेला तिने लिहिलं: ‘इथे थांबायचं आहे. जुन्या चिपला उत्तर द्यायला वेळ लागतो. काढू नये.’ मास्तरांना न विचारता लिहिलं. आणि काकूंना फोन केला.

“सुरू झाली?” काकूंनी विचारलं.

“झाली. परवा प्रसूतिगृहात बसवायला जायचंय.”

मग काकू जरा संकोचून म्हणाल्या, “मला नेशील? ह्यांना तीन जिने उतरवणं काही होत नाही. पण मी येऊ शकते. शेजारीण बसेल ह्यांच्याजवळ.” आणि थोडं थांबून, “मी कधी बघितलीच नाही गं ती पेटी.”

गुरुवारी सकाळी दोघी गेल्या. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी काकूंनाही गाऊन आणि टोपी दिली. जुन्या अकरांपैकी पहिली पेटी तिने उघडली, भाग बदलला, प्रोग्रॅम चढवला आणि वीज लावली. काकू शेजारी उभ्या राहून ओठांत आकडे मोजत होत्या. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नऊला पंखा फिरला. सिस्टरनी पेटी गरम होऊ दिली, पुन्हा पुन्हा तपासली, आणि मग शेजारच्या पेटीत पायाशी पाय लावून झोपवलेल्या जुळ्यांतलं एक उचलून हिच्यात ठेवलं. काकूंनी ताप बघावा तसा उपडा हात काचेला लावला.

“यात ह्यांचं काम नक्की कोणतं?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“तुम्ही आता मोजलंत ना, तेवढंच. तेवढं झालं की ते बाजूला होतात. पुढचं दुसरे प्रोग्रॅम बघतात.”

“रविवारीसुद्धा जायचे,” काकू म्हणाल्या. “लग्नाच्या वाढदिवशी जायचे. मी म्हणायची, कुणी ठेवलीय का काय तिकडे. म्हणजे हे इथे असायचे.” काचेवरचा हात त्यांनी काढला नाही. बाळाने मूठ उघडली, मिटली. “तू कर तुझं बाकीचं. मी बसते हिच्याजवळ.”

तिने स्टूल दिलं आणि ती पुढच्या पेटीकडे वळली. दहा राहिल्या होत्या. काम करता करता तिला मागे आवाज आला. काचेपलीकडच्या वाटेवरून एक तरुण बाप आत आला होता, गाऊनच्या नाड्या उलट्या बांधलेला, रात्रभर उभा असावा असा. आपल्या बाळाशेजारी अनोळखी म्हातारी बघून तो बिचकला.

“आजी, तुम्ही…” त्याला काय विचारावं सुचेना. “तुम्ही बाळाकडच्या का?”

“नाही रे बाबा,” काकू म्हणाल्या, आणि त्याला जागा करून देण्यासाठी स्टूल जरासं सरकवलं. “मी पेटीकडची.”